दांड्याची सायकल विमानात

सुमन, तुझ्या बाराव्याला एवढी माणसं आली की मांडवात बसायला जागा उरली नाही. येईल तो एकच गोष्ट सांगत होता. काकीने आपली सायकल विमानातून नेली. कोणी म्हणे दिल्लीला नेली, कोणी म्हणे दुबईला. एकाने तर सांगितलं की तू विमानाच्या आतच सायकल चालवलीस. मी कोणाला अडवलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल लोक गोड खोटं बोलतात. तुझ्याबद्दल निदान मजेदार खोटं बोलत होते.

संध्याकाळी ज्योती म्हणाली, "मोठी आई, आईबद्दल तू लिही. गावच्या मंडळाच्या अंकात छापू. तू होतीस ना विमानात." मी म्हटलं, माझी चौथी झालेली, मला तुझ्यासारखं लिहिता येणार नाही. तर म्हणाली, जशी भांडायचीस तशी लिही. म्हणून लिहिते. रडायचं ते मी रडून घेतलं. फार नाही रडले. तू ओट्यावर कोलंबी सोलता सोलता गेलीस, बाजूला टोपलीत अर्धी तशीच राहिली आणि ती मांजरांनी खाल्ली. तुला आधी कोलंबीचाच राग आला असता.

सायकल मुळात भाऊजींची. तुझा नवरा म्हणजे माझा धाकटा दीर, मिठागरावर कामाला त्या सायकलीने जायचा. तो गेला तेव्हा ज्योती अंगावर पीत होती. तुझ्यापाशी दोनच गोष्टी उरल्या, पोर आणि दांड्याची सायकल. मी म्हणाले, सायकल विकून टाक. दुसऱ्या दिवशी बघते तर खाडीच्या बांधावर तू सायकल घेऊन उभी. चढायचीस, पडायचीस, चिखलाने भरून घरी यायचीस. बांधावर बघायला माणसं जमायची.

मी घरातली थोरली. मला बोलावंच लागलं. "नवरा जाऊन वर्ष नाय झालं, आन बाई सायकलवर. गावात तोंड दाखवायला जागा ठेव."

तू पायाचा चिखल खरवडत म्हणालीस, "तोंड तुमी दाखवा, आक्का. मला कोलंबी विकायची हाय."

आपलं लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं, त्यामुळे दांड्यावरून पाय टाकायला अडचण आली नाही. पनवेलच्या बाजारात सहावारीतल्या बाया बघत राहायच्या. तुझी टोपली ऊन चढायच्या आत बाजारात पोचायची, आणि मी डोक्यावर टोपली घेऊन येईपर्यंत तू अर्धा माल विकून चहा पीत बसलेली असायचीस. थोड्याच दिवसांत मी तुझ्या कॅरिअरवर बसायला लागले. लोकांना सांगायचे, पाय दुखतो.

तेव्हापासून आपलं एक भांडण सुरू झालं ते मिटलंच नाही. तू म्हणायचीस, मी पेडल मारते आणि आक्का राणीसारखी मागे बसते. मी म्हणायचे, पुढे दांड्यावर पोर, मागे दोन टोपल्या, बांध एवढासा, मी मागे बसून तोल धरते म्हणून तू खाडीत जात नाहीस. तू म्हणायचीस, तोल हँडलवर असतो. मी म्हणायचे, तोल मागे असतो. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली, गाव उठून नव्या प्लॉटवर आलं, आपल्या बांधावर विमानतळाची धावपट्टी झाली, तरी भांडण तेच.

दुसरं भांडण ज्योतीचं. जमिनीचे पैसे आले तेव्हा कोणी बंगला बांधला, कोणी गाडी घेतली, कोणी पोराच्या लग्नात सात गावं जेवू घातली. तू पोरीला विमान शिकायला पाठवलंस. मी म्हणाले, तुझं डोकं फिरलंय. पोरीच्या हातात विमान कोण देणार? आणि दिलंच, तर त्यात बसणार कोण? मी तर बसणार नाही. तू म्हणालीस, "माझ्या सायकलवर बी तुमी बसणार नव्हतात."

ज्योती शिकली. तिला नोकरी लागली ती एका उद्योगपतीकडे, त्यांच्या घरच्या लहान विमानावर. सहा माणसांचं विमान. त्या साहेबांना सायकलीचा नाद. सुट्टीच्या दिवशी मागच्या दोन शिटा काढून टाकायला सांगतात, तिथे आपल्या सायकली आडव्या घालतात, कुठल्यातरी डोंगरापाशी उतरतात, दिवसभर चालवतात आणि परत येतात. ज्योतीने हे आपल्याला जेवताना सांगितलं. तुझा घास हातात राहिला.

"सायकल? विमानात?"

"हो आई. चाकं काढून."

"त्याची बसते, तर माझी का नाय बसत?"

ज्योती हसली. मीही हसले. तू हसली नाहीस. मला तेव्हाच कळलं की हे आता होणार.

तुझ्या मनात काय होतं ते तू सगळ्यांना उघड सांगत सुटलीस. देशावरच्या ज्या गावात ज्योती विमान शिकली, तिथे ती प्रमिलाबाईंच्या घरी राहायची. त्यांची सायकल घेऊन रोज विमानाच्या मैदानावर जायची. तू ते गाव कधी पाहिलं नव्हतंस, कारण तेव्हा तुझी कोलंबी होती, माझ्या नवऱ्याचं आजारपण होतं. त्या बाईने तुझ्या पोरीला जेवू घातलं, तिचं तोंडही तू पाहिलं नव्हतंस. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. "आक्का, पाय चालतात तोवर मला त्या रस्त्यावर माझी सायकल चालवायची हाय. माझी पोर जिथून विमानाकडे गेली, तिथून मी जाणार."

मी म्हणाले, टेम्पोत घाल, आपण एसटीने जाऊ. तू माझ्याकडे असं बघितलंस जसं मी तुला कुजकी कोलंबी दाखवली.

मग थंडीत योग जुळला. साहेबांचं विमान देखभालीसाठी त्याच गावी न्यायचं होतं, रिकामंच. ज्योतीने घाबरत विचारलं. साहेब म्हणाले, दोघींना ने, सायकल ने, शिटा काढूनच ठेव. चांगला माणूस.

ज्योतीने सांगितलं की लहान विमानात वजन फार बघावं लागतं. माणसं, सायकल, सामान, सगळं मोजून तिला आधी कळवायचं. आपण गिरणीत गेलो, भाताच्या पोत्यांच्या काट्यावर. आधी सायकल ठेवली, मग तू उभी राहिलीस, मग मी. काटा तू वाचलास आणि गिरणीवाल्यासमोर मोठ्याने म्हणालीस, "आक्का, तुमी म्हंजे तीन सायकली." लग्नाआधी मला बघायला आले होते त्यांनीसुद्धा माझं वजन विचारलं नव्हतं. तो आकडा तू शेवटपर्यंत विसरली नाहीस. जरा दुसरी पोळी घेतली की डोळे मोठे करायचीस.

निघायच्या आधी सायकलवाल्याने चाकं काढली, पेडल काढलं, हँडल फिरवून आडवं केलं. तू दुकानाकडे पाठ करून उभी होतीस. नंतर चेनच्या काळ्या तेलाने साहेबांच्या विमानाला डाग पडू नये म्हणून तू तुझं हिरवं लुगडं त्या सांगाड्याला गुंडाळलंस. नेसायचं होतं ते. जुनं नव्हतं.

आणि आता आपल्या दोघींची अक्कल. वजन मोजून झालं होतं. पण कोणाकडे जायचं तर हात हलवत जात नाही आपण. वानोळा लागतो. तू प्रमिलाबाईंसाठी करंजा बंदरावरून सुकट, सोडे आणि सुके बोंबील आणलेस, मोठी पिशवी भरून. मला सांगितलं नाहीस. मी वाल घेतले, तांदळाचं पीठ घेतलं, पापड घेतले, तुला सांगितलं नाही. आणि दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही की हे काट्यावर ठेवावं. सामान म्हणजे आपलं. वानोळा दुसऱ्याचा. वानोळा कोणी तोलून नेतं का? देताना हात आखडला असं होतं ते.

मुंबईच्या त्या लहान विमानतळावर तपासणीला उभ्या असलेल्या पोराने तुझी पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे गेला. "माताजी, ये क्या है?" तू म्हणालीस, "मच्छी है. मेली हुई है, कुछ नहीं करेगी."

विमान बघून मला वाटलं, हे? आपल्या गावच्या नवरदेवाची गाडी याच्याहून मोठी असते. ज्योती पांढऱ्या सदऱ्यात, खांद्यावर पट्ट्या. दोन मेकॅनिकांनी सायकल उचलून आत आडवी घातली आणि पट्ट्यांनी बांधली. मग ज्योतीची नजर आपल्या पिशव्यांवर गेली.

"हे काय?"

"काय नाय, वानोळा," तू म्हणालीस.

तिने पिशव्या काट्यावर ठेवायला लावल्या. आकडा बघितला. कागदावर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं. मग म्हणाली, "आई, हे नाही जाणार. तुम्ही दिलेल्या आकड्यावर तेल भरून झालंय, आता जास्त होतंय."

"एवढंसं तर हाय."

"पिशव्या, नाहीतर सायकल. दोन्ही नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "माझ्याकडं काय बघतेस? मी काय सुकट हाय?" मग मीच म्हणाले, मी उतरते, मी राहते, तसंही मला बसायचं नव्हतं. तू म्हणालीस, "तुमी उतरलात तर मी बी उतरते." आणि ज्योतीकडे वळलीस. लाडात आलीस. "ज्योते, आयचं ऐक ना. घाल मागं कुठंतरी. कोण बघतंय?"

ज्योती आवाज न चढवता बोलली. ती एरवी रागावली की किंचाळते, तसं नाही. "आई, हे तुझं कॅरिअर नाही. अजून एक टोपली म्हटलं की ठेवली. वर गेल्यावर मी काय करू?"

मेकॅनिक खाली बघायला लागले. मला वाटलं, आता तू रडणार किंवा भांडणार. तू माझ्या दंडाला धरून मला बाजूला नेलंस. तुझं तोंड असं झालं होतं जसं निवडणूक जिंकून आलीस. माझ्या कानात म्हणालीस, "बगितलंत? आयला बी ऐकत नाय ती."

सुमन, त्या क्षणाला मी कबूल झाले. मोठ्याने बोलले नाही, पण झाले. मी इतकी वर्षं विचारत होते, पोरीच्या विमानात बसणार कोण? तर जी पोर आईच्या सुकटीलाही नाही म्हणते, तिच्या विमानात बसायला हरकत नाही.

पण पिशव्यांचं काय? घराबाहेर पडलेला वानोळा परत घरी नेत नाहीत. आत जाणार नाही, मागे फिरणार नाही. तू पदर खोचलास आणि तिथेच, त्या चकचकीत शेडमध्ये, विमानाच्या पंखाखाली बसून पिशवी सोडलीस. मेकॅनिकांना सोडे, झाडूवाल्या बाईला सुकट, पेट्रोलवाल्याला बोंबील. तपासणीचा तो पोरगा लांब उभा होता, त्यालाही बोलावलंस. माझे वाल आणि पीठ ड्रायव्हर लोकांत गेलं. "घरी सांगा, कांद्यात परता," असं प्रत्येकाला सांगत होतीस. मूठभर सोड्यांची एक पुरचुंडी प्रमिलाबाईंसाठी ठेवलीस. ती ज्योतीने तोलली आणि हो म्हणाली. शेडमध्ये आपल्या सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास सुटला. साहेबांनी नंतर ज्योतीला विचारलं म्हणे, माझ्या शेडला झालंय काय? आणि ऐकल्यावर म्हणाले, मला का नाही ठेवले?

विमान उडालं तेव्हा मी घाबरले. तूही घाबरलीस. कबूल केलं नाहीस, पण माझ्या मनगटावर तुझी बोटं उमटली होती ती मी उतरल्यावर पाहिली. जरा वेळाने ज्योती पुढून म्हणाली, उजवीकडे बघा, लांब, आपली खाडी. आपल्यासारख्या बारक्या विमानाला तिकडून जाऊ देत नाहीत, वाट आखून दिलेली असते. म्हणून लांबूनच. पाणी चकाकत होतं, आणि कडेला एक सरळ राखाडी पट्टी.

"तो आपला बांध?" तू विचारलंस.

"तिथंच कुठंतरी होता," ज्योती म्हणाली.

मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तिथे तू पडलीस, तिथून भाऊजी कामाला जायचे, तिथे आपण भांडलो. तू मागे हात घातलास आणि सायकलीच्या पुढच्या टोकावरचं लुगडं बाजूला सारलंस.

"हे काय करतेस?"

"तिला बी बगू दे."

"सायकलीला डोले असतात का?"

"दिवा हाय ना," तू म्हणालीस.

मी डोकं बाजूला घेतलं, सायकलीला खिडकी दिसावी म्हणून.

प्रमिलाबाई शिक्षकाची बायको, नीटनेटकी, बोलणं एकदम स्वच्छ. तू त्यांच्या पाया पडायला वाकलीस तर त्यांनीच तुला धरलं. "अहो, तुमची ज्योती आमच्या घरात वाढली असं आम्ही सांगतो सगळ्यांना," म्हणाल्या. तू पटकन म्हणालीस, "वाढली आमच्याकडं. जेवली तुमच्याकडं." मग पुरचुंडी पुढे केलीस. त्या शाकाहारी निघाल्या. पण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि देवळीत ठेवली. एवढ्या आदराने सोड्यांना कोणी ठेवलं नसेल.

तिथल्या सायकलवाल्याने चाकं बसवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण निघालो. ज्योती आधीच विमानाकडे गेली होती. निघताना प्रमिलाबाई म्हणाल्या, मैदानाच्या अलीकडे मोठा चढ आहे. सगळी मुलं तिथे उतरून सायकल ढकलत न्यायची. तुमची ज्योती कधी उतरली नाही.

हे त्यांनी सांगायला नको होतं.

चढ आला. मी म्हणाले, उतर, चालत जाऊ. तू म्हणालीस, "बसा, आक्का." अर्ध्या चढावर तुझी पाठ थरथरायला लागली. पेडलवर उभी राहिलीस तरी चाक पुढे जाईना. श्वास भात्यासारखा. तू उतरणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू तिथे मेली असतीस पण उतरली नसतीस.

तेव्हा मी कॅरिअरवरून सरकले. आवाज न करता पाय टेकले आणि कॅरिअरला दोन्ही हात लावून ढकलत चढले. माझेही गुडघे काही नवे नव्हते. वरच्या वळणावर रस्ता सपाट झाला तिथे मी परत बसले. पुढे फाटकापाशी ज्योती उभी होती. तू तिथपर्यंत चालवत गेलीस, पाय टेकलास आणि तुझ्याने बोलवेना. बोलवलं तेव्हा पहिलं वाक्य हे, "तुझ्या मोठ्या आयला बसवून चढले!"

ज्योतीने तुला मिठी मारली. तू तिच्या पांढऱ्या सदऱ्याला चेनचं तेल लावलंस. तशाच काळ्या डागाने ती विमानात चढली.

तेव्हापासून ती गोष्ट तू जगाला सांगितलीस. मासळी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला, दवाखान्यातल्या नर्सला, लग्नाच्या हळदीत. आक्काला बसवून चढ चढले. प्रत्येक वेळी मी बाजूला बसलेली असायचे आणि तू माझ्याकडे बघायचीस. मी मान हलवायचे. मी तोंडाची फटकळ, पोटात काही ठेवत नाही असं सगळा गाव म्हणतो. एवढं एक ठेवलं.

बाराव्याला ज्योतीने तीच गोष्ट सांगितली आणि मांडवात सगळ्यांसमोर मला विचारलं, "खरं ना, मोठी आई?" मी म्हणाले, "खरं. चढली."

आता मी इथे लिहिलं म्हणजे सगळ्यांना कळणार. कळू दे. कारण लिहिता लिहिता मला दुसरंच कळलं. माझं वजन तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गिरणीच्या काट्यावर तूच वाचलं होतंस. तीन सायकलींएवढी बाई कॅरिअरवरून उतरली आणि तुला कळलं नाही, असं होईल का? वळणावर मी परत बसले तेव्हा मागचं चाक किती दबलं असेल. तू मान वळवली नाहीस. मग गोष्ट सांगताना दर वेळी माझ्याकडे बघून हसायचीस ते कशासाठी, ते मला आज समजतंय. तू मला बसवून ठेवलंस. उतरलेली आक्का तुला गोष्टीत नको होती.

म्हणजे तोल मागे असतो हे तुला पटलं होतं. एकदा तरी म्हणायचं होतंस.

सायकल ज्योती घेऊन जाते आहे, खांदा कॉलनीत तिच्या घरी. मी म्हणाले, टेम्पो सांग. तिने माझ्याकडे तसंच बघितलं, कुजकी कोलंबी दाखवल्यासारखं. रविवारी ती स्वतः चालवत नेणार आहे. मला म्हणाली, "मोठी आई, बस मागे." वाटेत उड्डाणपुलाचा चढ आहे, चांगला लांब.

मी बसणार आहे. आणि या वेळी मी उतरणार नाही. तिला जमतं.